दिवेलागणीच्या वेळी जायचं कुठे?

एका गृहस्थांनी विचारलं आहे. त्यांचं वय ४१, तालुक्याच्या गावी सहकारी बँकेत नोकरी. मागच्या वर्षी महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, पाच महिने दारूला शिवले नाहीत, गणपतीत पुन्हा सुरू झाली. आता रोज संध्याकाळी दोन क्वार्टर, आणि सकाळी हात थरथरतात म्हणून थोडी. केंद्रातून निघताना सांगितलं होतं की ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराला चालवलेले गट) मीटिंगला जात राहा. एकदा पत्ता शोधत गेलेही, पण मीटिंग भरायची त्या शाळेला कुलूप होतं. परत आले ते पुन्हा गेले नाहीत. त्यांचे प्रश्न तीन: जवळची मीटिंग शोधायची कशी, तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर काय, आणि देवावर फारसा विश्वास नसताना उपयोग होईल का. शेवटी लिहितात, ‘येत्या सोमवारी एकदम बंद करणार आणि मंगळवारी मीटिंगला जाणार.’

मी १९ वर्षं व्यसनमुक्ती विभागात समुपदेशक म्हणून काम करते आहे. मला स्वतःला हे व्यसन नाही, म्हणून ए.ए.च्या फक्त खुल्या, म्हणजे बाहेरच्यांनाही बसता येतं अशा, मीटिंगना मी बसले आहे. बंद मीटिंगबद्दल जे सांगेन ते माझ्या पेशंटनी वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे.

सगळ्यात आधी तुमच्या सोमवारबद्दल. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ शरीराला दारूची सवय जडली आहे, आणि अशा शरीराची दारू एकदम तोडणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, कुठे आहोत याचं भान जातं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून सोमवारी सकाळी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा, किती पिता ते खरं सांगा, आधी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. ते काही दिवसांपुरत्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व देतील, गरज वाटली तर दाखल करतील. घरी असताना तुम्हाला फिट आली, बडबड सुरू झाली, तर घरच्यांनी सरळ १०८ ला फोन करावा. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतात आणि ए.ए.ची माणसं औषध देत नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मंगळवारी अंगात ताकद असेल तर मीटिंगला जरूर जा, नसेल तर पुढच्या वारी.

आता मीटिंगकडे येते. तुम्ही पत्ता विचारलात, पण पत्ता तर तुम्हाला मिळालाच होता. कुलूप दिसलं, तुम्ही वळलात, आणि ती संध्याकाळ कुठे गेली ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला अंदाज आहे. माझ्या पेशंटचे रिलॅप्स, म्हणजे सुटलेली दारू पुन्हा कशी सुरू झाली ते, मी उलगडत बसते तेव्हा बहुतेक वेळा एकच वेळ पुढे येते: ऑफिस सुटल्यापासून जेवणाचं ताट वाढेपर्यंतची, दिवेलागणीची. वर्षानुवर्षं त्या दोन तासांत पाय आपोआप एका जागी गेले आहेत. केंद्रात महिनाभर ती वेळ दुसऱ्यांनी भरलेली होती. घरी आल्यावर ती रिकामी झाली. मी मीटिंगकडे पाहते ती अशी: दिवेलागणीला जायला दुसरी जागा, आणि तुम्ही आला नाहीत तर ‘आज का नाही आले?’ म्हणून विचारणारी माणसं. त्यामुळे मीटिंग निवडताना दोनच गोष्टी बघा. त्या वेळेला तिथे पोहोचता येतं का, आणि तुमची गैरहजेरी कुणाच्या लक्षात येईल का.

ए.ए.ची सुरुवातच अशा एका संध्याकाळी झाली. मे १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस धंद्याच्या कामासाठी न्यूयॉर्कहून तिथे आला होता. दारू सोडून त्याला पाच महिनेच झाले होते, म्हणजे तुम्ही जितके राहिलात तितकेच. काम फिसकटलं, हॉटेलात तो एकटा, आणि समोर बार. त्याने तिथल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली, कुणीतरी दुसरा दारू पिणारा बोलायला मिळावा म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. दोघे तासन्‌तास बोलले. डॉ. बॉब शेवटचं प्यायले तो दिवस १० जून १९३५, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. बिलला त्या संध्याकाळी आपल्यासारखाच एक माणूस हवा होता, बारमध्ये शिरायच्या आत. तुम्हाला शोधायचं आहे तेही तेवढंच.

शोधायचं कसं? ए.ए.चं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे, त्यांच्या संकेतस्थळावर संपर्काचे फोन मिळतात. फोन केलात की फक्त पत्ता विचारून ठेवू नका. चार गोष्टी विचारा: मराठी मीटिंग कुठली, वार आणि वेळ काय, खुली की बंद, आणि त्या ग्रुपमधल्या एका माणसाचा फोन मिळेल का. हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मीटिंगा बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या खोलीत भरतात. या जागा त्यांच्या मालकीच्या नसतात. शाळेला सुट्टी लागली, परीक्षा आली, निवडणुकीत मतदान केंद्र झालं, की वर्ग मिळत नाही आणि मीटिंग दुसरीकडे हलते. यादीत मात्र जुनाच पत्ता राहतो. तुमच्या कुलपामागे असंच काहीतरी असणार. कधी नुसतंच असं असतं की मुख्य फाटक बंद आणि वाट मागच्या बाजूने. म्हणून ज्या दिवशी जायचं त्या दिवशी दुपारी त्या माणसाला फोन करा: ‘मी नवीन आहे, आज येतोय, फाटकाशी कुणी भेटेल का?’ असा फोन आला की ए.ए.चे लोक किती आनंदाने बाहेर येऊन उभे राहतात ते मी पाहिलं आहे. नवीन माणसाला हात देणं हा त्यांच्या स्वतःच्या न पिण्याचाच भाग असतो.

तो फोन लागला नाही तर तुम्ही राहिलात त्या केंद्राला विचारा. बऱ्याच केंद्रांचे स्वतःचे पाठपुरावा गट असतात, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही ही पद्धत आहे. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनची व्यसनमुक्ती केंद्रं मुंबई-वसईपासून इतर राज्यांपर्यंत आहेत, तिथेही ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या, म्हणजे दारूपासून दूर राहायच्या त्यांच्या टप्प्याटप्प्याच्या कार्यक्रमाच्या, धर्तीवर काम चालतं. सरकारी हेल्पलाइन १४४४६ ही व्यसनासाठीच आहे. मन फार खचलं, जीव नकोसा झाला, तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या समाजसेवकालाही जवळच्या ग्रुपची माहिती असते, ओपीडीत जाल तेव्हा विचारून घ्या.

तुमच्या गावात ग्रुपच नसेल हेही शक्य आहे. मुंबई-पुण्यात आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी कुठे ना कुठे मीटिंग सापडते, गोव्यातही ग्रुप भरपूर. तालुक्याच्या ठिकाणी मात्र आठवड्यातून एक, तीही तीस-चाळीस किलोमीटरवर, असं होतं. तेव्हा मी पेशंटना सांगते की आठवड्यातून एकदा एसटीने जा, आणि मधल्या संध्याकाळी फोनवरची ऑनलाइन मीटिंग लावा. लॉकडाउनपासून मराठीत अशा मीटिंगा चालू झाल्या आणि लांबच्या माणसांसाठी ती मोठी सोय झाली. सुरुवातीला कॅमेरा बंद ठेवलात तरी चालतं. पण नुसत्या ऑनलाइनवर विसंबू नका. मोबाइल बंद करून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याला कुणी अडवत नाही.

आत गेल्यावर काय होतं, हे कुणी आधी सांगत नाही म्हणून भीती वाटते, तर सांगते. दहा-वीस खुर्च्या, चहा, भिंतीला टेकवलेला एक फलक. एक जण सूत्रं सांभाळतो, छोटंसं निवेदन वाचलं जातं, मग एकेक जण बोलतो. ‘मी अमुक, मी एक मद्यपी’ अशी सुरुवात करून आपलं काय झालं, काय चाललंय ते सांगतो. याला तिथे शेअरिंग म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही, तुमचं म्हणणं खोडत नाही. तुमची पाळी आली तर ‘मी आज ऐकायला आलोय’ एवढं म्हणा, पुरे. हजेरीपट नसतो, फी नसते. शेवटी एक पेटी किंवा थैली फिरते, तिच्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो. नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. सभासद व्हायला अट एकच, दारू थांबवायची इच्छा. ‘बंद’ मीटिंग फक्त अशा लोकांची असते. ‘खुल्या’ मीटिंगला घरची माणसं, माझ्यासारखी माणसंही बसू शकतात. पहिल्यांदा बायकोला सोबत न्यायचं असेल तर खुली निवडा.

सकाळी थोडी घेतलेली असेल तर जावं की नाही, हा प्रश्न मला बरेच जण हळू आवाजात विचारतात. जा. त्या दिवशी बोलू नका, मागे बसा, ऐका. प्यायलाय म्हणून हाकलतील अशी भीती असते, पण ज्यांना मी ओळखते त्यातले कितीतरी पहिल्या दिवशी तोंडाला वास घेऊनच गेले होते.

ओळखीचं कुणी भेटेल का? तालुक्याच्या गावात भेटण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि मी ती लपवणार नाही. नाव बाहेर न सांगणं ही ए.ए.ची परंपरा आहे आणि लोक ती मनापासून पाळतात, पण तो काही कायदा नव्हे. माझ्या एका पेशंटचं बोलणं त्याच्या ऑफिसपर्यंत पोहोचलं होतं, त्याने खचून सहा महिने मीटिंग सोडली. त्यानंतर मी सगळ्यांना एक भेद सांगते. तुम्ही मीटिंगला येता हे कळलं तर फार बिघडत नाही, कारण तुम्ही पिता हे गावाला आधीच माहीत आहे. पण बँकेतली उचल, कुणाकडून घेतलेले पैसे, घरातली मारहाण, कोर्टात जाऊ शकेल अशी कुठलीही गोष्ट पहिल्या दिवसांत सगळ्यांसमोर बोलू नका. ती एका विश्वासाच्या माणसाजवळ किंवा समुपदेशकाजवळ बोला. तिथे तुमच्या अनुभवापुरतं बोललात तरी मीटिंगचा फायदा पूर्ण मिळतो.

संकोच फार वाटत असेल तर सुरुवातीच्या चार-सहा मीटिंगा शेजारच्या तालुक्यात करा. मी हे खुशाल करू देते. फक्त तीन महिन्यांच्या आत जवळच्या ग्रुपला जोडून घ्या. कारण एखाद्या संध्याकाळी साडेसातला तुमच्या मनात वादळ उठेल तेव्हा पन्नास किलोमीटरवरचा मित्र फोनवर बोलेल, पण दाराशी येऊन उभा राहणारा जवळचाच लागेल.

तुमचा देवाचा प्रश्न. मीटिंगमध्ये प्रार्थना असते, बारा पायऱ्यांमध्ये ‘उच्चशक्ती’ असा शब्द येतो, आणि काही ग्रुपमध्ये त्याचा सूर बराच धार्मिक लागतो. तुम्हाला तो खटकेल. पण ‘आपल्याला समजेल तशी’ असं त्याच पायऱ्यांमध्ये म्हटलं आहे, आणि देव न मानणारे कितीतरी जण ग्रुपलाच आपली उच्चशक्ती मानतात: मला एकट्याला जे जमलं नाही ते या माणसांमध्ये बसून जमलं, एवढाच त्यांचा अर्थ. प्रार्थनेच्या वेळी नुसतं उभं राहिलात तरी चालतं.

आपल्याकडे याच्याशी जुळणारी एक जुनी वाट आहे. माळ घालणं. माझ्या पेशंटमध्ये माळकरी होऊन दारू सुटलेले आहेत, आणि माळ घालूनही दोन महिन्यांत ती खुंटीला टांगलेलेही आहेत. फरक कशाने पडला ते मी बरीच वर्षं बघते आहे. ज्यांनी भांडणाच्या भरात, आईच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली आणि माळ घातली, त्यांची ती शपथ पहिल्या लग्नाच्या वरातीत मोडली. ज्यांनी माळेबरोबर संध्याकाळचा हरिपाठ धरला, एकादशीची भजनी मंडळी धरली, वारीची दिंडी धरली, ते टिकले. त्यांनाही दिवेलागणीला जायला जागा मिळाली होती, आणि टाळ घ्यायला आले नाहीत तर घरी येऊन विचारणारा विणेकरी होता. तुमचा देवावर विश्वास नाही, म्हणून तुम्हाला ही वाट सांगत नाही. पण घरच्यांनी ‘मीटिंगबिटिंग नको, माळ घाल’ असं म्हटलं तर दोन्हींत भांडण नाही हे त्यांना सांगा.

उपयोग किती होतो? २०२० मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास, त्यातले १०,५६५ लोक, असा मोठा आढावा घेतला. ज्यांना समुपदेशकांनी पद्धतशीर तयारी करून ए.ए.शी जोडून दिलं, त्यांच्यापैकी वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त असलेले सुमारे ४२ टक्के होते. इतर उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. याचे दोन अर्थ मी घेते. एक, फरक खरा आहे, आणि तोही फुकटात मिळणाऱ्या गोष्टीचा. दोन, निम्म्याहून जास्त लोकांना ते साधलं नाही, म्हणून मीटिंग हा एकच उपाय असं कुणी म्हणत असेल तर मानू नका. काहींना एकट्याने समुपदेशन जास्त मानवतं, काहींना नैराश्यावर औषध लागतं, काहींना दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्या लागू पडतात. तुम्हाला काय लागू पडेल हे इथून मी सांगू शकत नाही. ते तुमच्या झोपेवर, मनाच्या स्थितीवर, घरावर आणि किती वर्षं पिताय यावर अवलंबून आहे. माझा आग्रह फक्त एवढा की पहिल्या मीटिंगवरून ठरवू नका. सहा मीटिंगा करा, जमल्यास दोन वेगवेगळ्या ग्रुपच्या. एखाद्या ग्रुपमध्ये दोन जणच तासभर बोलतात, एखाद्यात सगळे सत्तरीचे असतात, एखाद्यात पहिल्या दिवशी तुमच्या वयाचा, तुमच्यासारखाच नोकरदार भेटतो. सहानंतरही मन लागलं नाही तर माझ्यासारख्या कुणाकडे या, दुसरी वाट काढू.

थोडे दिवस गेल्यावर स्पॉन्सर निवडायला सांगतील, म्हणजे तुमच्या आधी या वाटेने गेलेला, फोन उचलणारा माणूस. पुरुषाने पुरुष निवडावा. निदान वर्षभर सोबर, म्हणजे दारूला न शिवलेला. जो सगळ्यात छान बोलतो तो नको, जो तुमचं ऐकतो तो घ्या. पैशाचा व्यवहार त्याच्याशी अजिबात नको, द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. आणि एक गोष्ट मी अगदी ठासून सांगते: ‘या गोळ्या म्हणजे दुसरं व्यसनच, बंद कर’ असं कुणी म्हणालं, मग तो कितीही वर्षांचा सोबर असो, ऐकायचं नाही. औषधाचं डॉक्टर ठरवतील. औषध परस्पर बंद करून फिट आलेला माणूस मी वॉर्डात पाहिला आहे.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, ‘ती आता बोलत नाही.’ तिच्यासाठीही जागा आहे. अल-अनॉन हे दारूबाजांच्या घरच्यांचे गट १९५१ पासून चालतात, आणि मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तुम्ही मीटिंगला गेलात की नाही यावर पाळत ठेवायला ती तिथे जाणार नाही. तिला तिची स्वतःची झोप, तिचा राग, तिची भीती कुठेतरी ठेवायची आहे. आणि हे तिला नक्की सांगा, किंवा हा परिच्छेद तिला वाचायला द्या: ‘न कळत जेवणात मिसळा, दारू सुटेल’ अशी जाहिरात केलेली पूड घरात आणू नये. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असलं आणि त्यावर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं.

तर सोमवारी सकाळी ओपीडी. तिथून निघताना केंद्राला आणि ए.ए.ला फोन, त्या ग्रुपमधल्या माणसाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. मीटिंगच्या दिवशी दुपारी त्याला फोन. बँक सुटल्यावर घरी न जाता सरळ तिकडेच निघा, खिशात बसच्या भाड्यापुरतेच पैसे ठेवा, पंधरा मिनिटं आधी पोहोचा. पुन्हा कुलूप दिसलं तर फाटकाशीच उभं राहून त्याला फोन लावा, आणि तो येईपर्यंत तिथून हलू नका.

परत आल्यावर इथे एक ओळ लिहा, फाटक उघडं होतं की नाही. मी रात्री दहानंतर बघते.